दुराह्याचे पन्नास लाख आणि आमच्या घरचा राजीनामा

पुण्याच्या नातेवाइकांशी बोलताना 'राजीनामा' हा शब्द मी जपून वापरतो. काही वर्षांपूर्वी फोनवर आत्येभावाला सांगितलं, "अरे, कोर्टात राजीनामा झाला एकदाचा." तो दचकलाच. "पुन्हा? नोकरी तर तू आधीच सोडलीस ना!"

नोकरी मी खरंच सोडली होती. पाटबंधाऱ्यांच्या कामावर सत्तावीस वर्षं काढून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि मोडी शिकायला बसलो. पण आमच्या धार जिल्ह्यात कोर्टाच्या आवारात राजीनामा म्हणजे तडजोड. दोन्ही पक्ष राजी झाले, कागदावर सह्या केल्या, तो राजीनामा. पेशवाईतल्या न्यायाच्या कागदांत हा शब्द याच अर्थाच्या जवळ आहे. पंचांपुढे वाद जाण्याआधी दोघांकडून लिहून घेत, की पंच सांगतील ते आम्हांस मान्य. महाराष्ट्रात शब्दाचा अर्थ नोकरी सोडण्यापर्यंत सरकला, माळव्यात तो कोर्टातच राहिला.

तर आमचा राजीनामा. आजोबा ग्वाल्हेर संस्थानाच्या महसूल खात्यात होते. बाग तेव्हा संस्थानाच्या अमझेरा जिल्ह्यात. बागला त्यांनी घर बांधलं, मागे विहीर खणली. वडील आणि काका असेपर्यंत वाटणीचा प्रश्न आला नाही. ते गेल्यावर थोरल्या चुलतभावात, म्हणजे दादात, आणि माझ्यात आला. खालच्या कोर्टात दावा, मग अपील, आणि अपिलात राजीनामा. रस्त्याकडचा भाग दादाने ठेवायचा, मागचा भाग आणि विहिरीकडे जायचा बोळ आम्हांला द्यायचा, आम्ही अपील मागे घ्यायचं. शेवटची ओळ टाइप करणाऱ्याने न विचारताच घातली होती: खर्च ज्याचा त्याने सोसावा.

अपील मागे घेतलं. अक्षय्य तृतीया गेली, दिवाळी गेली, बोळाला कुलूप तसंच. मग इजरा लावला. पुण्याकडे त्याला दरखास्त म्हणतात: हुकूमनाम्याची अंमलबजावणी. सगळी वर्षं धरून वकिलांची फी, नकला, कमिशनरचा नकाशा, पेशीच्या दिवशीचं जाणं-येणं असं वहीत जोडलं तर १,३८,००० रुपये झाले. इजऱ्यात खर्च म्हणून मंजूर झाले १,५००.

त्या दिवशी आवारातल्या एका म्हाताऱ्या अर्जनवीसाला मी कागद दाखवला. त्याने चष्मा वर करून पूर्ण वाचला आणि एकच विचारलं, "साहब, इसमें जामिन किसका है?"

जामीन कोणाचाच नव्हता. कंत्राटाच्या कामांत सत्तावीस वर्षं अनामत रक्कम, बँक गॅरंटी आणि उशिराचा दंड याशिवाय मी एका कागदावर सही केली नव्हती. घरच्या कागदावर मात्र भावावर भरवसा म्हणून सगळं सोडलं. तो प्रश्न डोक्यात घेऊन घरी आलो आणि माळव्याच्या इतिहासातला सगळ्यांत मोठा मोडलेला राजीनामा पुन्हा वाचायला काढला. आपल्या मंडळात त्याच्यावर लढाईच्या अंगाने बोलणं झालं आहे. मला इथे फक्त त्याच्या खर्चाच्या कलमाबद्दल लिहायचं आहे.

मराठ्यांचा माळव्यावरचा दावा ज्या लढाईने पक्का झाला, ती आमच्या अंगणातली. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी चिमाजी आप्पांनी अमझेऱ्याजवळ सुभेदार गिरधर बहादुर आणि दया बहादुर यांचा पराभव केला. दोघेही त्या लढाईत पडले. मैदान जिंकलं, पण हक्काचा कागद मिळाला नाही. सुभेदार दिल्लीहून नेमले जात राहिले, चौथाई मराठे वसूल करत राहिले, आणि दर मोसमात फौज नर्मदा उतरून येत राहिली. फौज म्हणजे खर्च, आणि खर्च म्हणजे सावकार. बाजीरावांच्या पत्रांतून कर्जाची काळजी किती वेळा डोकावते, हे वाचणाऱ्याला ठाऊक आहे. ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिताना सावकारांच्या पाया पडण्याची गोष्ट ते लपवत नाहीत. आज आपण वकिलाची फी उचल घेऊन भरतो, तेव्हा शिलेदारांचा पगार उचल घेऊन भरत. व्याज दोन्हीकडे चालतंच.

१७३७ मध्ये बाजीराव थेट दिल्लीच्या वेशीवर धडकले. त्यानंतर बादशहाने निजामाला दख्खनेतून बोलावलं आणि मराठ्यांना माळव्यातून काढायचं काम त्याच्यावर सोपवलं. डिसेंबरात निजाम भोपाळला येऊन बसला. तळ्याच्या आणि किल्ल्याच्या आडोशाची जागा बचावाला चांगली, पण दाणावैरण बंद झाली तर तीच कोंडवाडा. बाजीरावांनी तेच केलं. निजामाच्या मदतीला येणारी कुमक मल्हारराव होळकर आणि यशवंतराव पवारांनी रोखली. हे यशवंतराव म्हणजे आपले धारचे. पुढे पानिपतावर पडले. त्यांचं नाव लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

तोफांच्या आडून रोज थोडंथोडं सरकत निजामाने निघायचा प्रयत्न केला. तो जमला नाही, तेव्हा सिरोंजच्या वाटेवरच्या दुराहा सराईत तह झाला. तारीख ७ जानेवारी १७३८. निजामाने स्वतःच्या हाताने लिहून दिलं: माळव्याचा सुभा पूर्ण द्यायचा, नर्मदा आणि चंबळ यांच्यामधल्या मुलखावर मराठ्यांचा अंमल मान्य करायचा, त्यावर बादशहाची मंजुरी आणवायची, आणि पेशव्यांच्या मोहिमेच्या खर्चापोटी पन्नास लाख रुपये.

शाळेच्या पुस्तकांत हे कलम एवढ्यावरच संपतं: निजामाने पन्नास लाख कबूल केले. पण तसं नाही. निजामाने पन्नास लाख द्यायचं कबूल केलंच नव्हतं. बादशहाकडून ते मिळवून देण्याची खटपट करीन, एवढंच त्याने कबूल केलं होतं. बाजीरावांनी चिमाजी आप्पांना लिहिलेल्या पत्रातून दिसतं, की खुद्द निजामाच्या पदरचं काही काढता येतं का, हे त्यांनी पाहिलं होतं. ते निघालं नाही. अडचणीत सापडलेला असूनही तो स्वतःच्या थैलीला हात लावायला तयार नव्हता.

कंत्राट तपासणाऱ्याच्या डोळ्याने हे कलम वाचलं की पोटात गोळा येतो. पैसे ज्याने द्यायचे तो बादशहा तहात नाही. तहात जो आहे त्याच्यावर बोजा फक्त खटपटीचा. खटपट पुरेशी झाली की नाही, हे ठरवणार कोण? मुदत नाही, हप्ता नाही. आणि म्हाताऱ्याचा प्रश्न: जामीन कोण? कोणी नाही. असं कलम टेंडरात आलं असतं तर माझ्या हाताखालच्या ज्युनियरनेही लाल पेन्सिलीने खूण केली असती.

मग बाजीरावांसारख्या माणसाने ते घेतलं कसं? मला वाटतं, त्यांनाही त्याची किंमत माहीत होती. निजामाची तोफखान्याची तटबंदी फोडायला लागणारा वेळ आणि माणसं त्यांच्याकडे नव्हती, आणि रोजचा खर्च चालूच होता. दावा लांबवण्याचा खर्च तडजोडीतल्या तोट्यापेक्षा मोठा झाला की शहाणा माणूस कच्च्या कागदावरही सही करतो. मीही तशीच केली. तरीही, तेव्हाच्या तेव्हा निदान काही रोख आणि एखादा ओलीस मागायला हवा होता असं मला वाटतं. मंडळातल्या काही मित्रांना हे पटत नाही. ते म्हणतात, मुलूख हातात असताना कागदाची काळजी कशाला. मुलूख हातात होता हे खरं, पण सावकाराला मुलूख दाखवून व्याज थांबत नाही.

पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. निजाम दिल्लीला परतला, सनद निघाली नाही, पैसे आले नाहीत. मग १७३९ च्या फेब्रुवारीत कर्नाळला नादिरशहाने बादशाही फौज मोडली, मार्चमध्ये दिल्लीत कत्तल झाली, आणि तख्तासकट खजिना इराणला गेला. ज्याच्याकडून वसुली करायची त्याचंच दिवाळं निघालं. आता 'खटपट केली' म्हणायला निजाम मोकळा.

त्यानंतर बाजीरावांनी वसुलीचा दुसरा रस्ता धरला. दख्खनेत निजामाचा मुलगा नासिरजंग कारभार पाहत होता. गोदावरीकाठी त्याच्याशी लढाई झाली आणि १७४० च्या फेब्रुवारीत मुंगी-पैठणच्या तहात बाजीरावांना हंडिया आणि खरगोण हे प्रांत मिळाले. हा दुराह्याच्या पन्नास लाखांचा हिशेब होता असं कागदावर कुठे म्हटलेलं नाही आणि मीही म्हणणार नाही. पण बापाने न फेडलेलं मुलाच्या दारात मागायचं, ही रीत काही नवी नव्हती. त्याच नव्या प्रांताच्या बाजूला बाजीराव उतरले आणि २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदेकाठी रावेरखेडीला वारले. बागहून मनावर डोंगर ओलांडून निमाडात उतरलं की रावेरखेडी काही फार लांब नाही. समाधीपाशी उभं राहिलं की मला नेहमी त्या पन्नास लाखांची आठवण येते, आणि सोबतच्यांना ते सांगितलं की ते माझ्याकडे विचित्र नजरेने बघतात.

प्रकरण मिटलं ते नानासाहेबांच्या काळात. १७४१ च्या उन्हाळ्यात ते उत्तरेत गेले. धोलपूरला सवाई जयसिंगांशी भेटी झाल्या आणि जयसिंगांच्या मध्यस्थीने नवा राजीनामा ठरला. माळव्याचा सुभा मिळाला, पण नायब सुभेदारीच्या नावाखाली, म्हणजे बादशहाचीही अब्रू राहिली. त्या वर्षीच्या जुलैत आणि सप्टेंबरात सनदा निघाल्या. पेशव्यांनी बादशाही मुलखात पुन्हा चढाई करायची नाही. दरबारात ५०० स्वार एका सरदाराच्या हाताखाली ठेवायचे. आणि रोख १५ लाख रुपये, तीन हप्त्यांत.

पन्नासाचे पंधरा झाले. टक्क्यांत तीस. पण यावेळी देणारा खुद्द बादशहा होता, हप्ते ठरलेले होते, आणि जामीनही होता. तोही उलट बाजूचा. राणोजी शिंदे, मल्हारराव होळकर, यशवंतराव पवार आणि पिलाजी जाधव यांनी लिहून दिलं, की पेशव्यांनी हा करार मोडला तर आम्ही त्यांची समजूत घालू, आणि ऐकलं नाही तर त्यांची चाकरी सोडू. माल्कमने माळव्यावरच्या पुस्तकात या लेखाची दखल घेतली आहे. सरदारांनी आपल्याच धन्याला जामीन राहायचं, आणि करार मोडल्याची शिक्षा म्हणजे धन्याने आपले सगळ्यांत मोठे चार सरदार गमवायचे! दंडाचा आकडा लिहिण्यापेक्षा हे कितीतरी वजनदार. दिल्लीवाल्यांना १७३८ मध्ये मराठ्यांना जे मागायचं सुचलं नाही, ते १७४१ मध्ये मराठ्यांकडून घ्यायचं सुचलं.

उरलेले पस्तीस लाख कुठे गेले? मला वाटतं, ते आम्ही दिले. आम्ही म्हणजे माळव्याने. सुभा मिळाल्यावर शिंदे, होळकर आणि पवार यांच्या वाटण्या ज्या मुलखात झाल्या, त्याच्या महसुलातूनच फौजेची आणि सावकारांची देणी भागवली गेली. अमझेऱ्याच्या शेतकऱ्याने १७२८ च्या लढाईचा खर्च पुढची कित्येक वर्षं ज्वारीच्या पोत्यांनी फेडला. दुराह्याच्या तहावर लिहिणारे बहुतेक जण ही बाजू सोडून देतात. आमच्या घरचे आजोबा त्याच महसूल खात्यात पुढे कारकून होते, म्हणून मला ती सोडता येत नाही.

आता खालच्या पातळीवरचं, म्हणजे तुमच्या-आमच्यासारख्यांच्या वादांचं. पेशवाईत गावच्या आणि परगण्याच्या वादांत जामीन हा पायाच होता. वादी-प्रतिवादी दोघांकडून राजीनामा घेत आणि सोबत जामीनकतबा. हरणाऱ्याने येजितखत लिहून द्यायचं, की माझा दावा खोटा, पुन्हा भांडणार नाही. जिंकणाऱ्याला निवाडपत्र किंवा महजर. सरकारात जिंकणाऱ्याने हरकी भरायची आणि हरणाऱ्याने गुन्हेगारी. यातली एक गोष्ट जुन्या न्यायाचं कौतुक करणारे विसरतात: पैसा दोन्हीकडून दिवाणात जायचा. जिंकणाऱ्याचा झालेला खर्च हरणाऱ्याकडून भरून देणं हा त्या व्यवस्थेचा हेतू नव्हता. उलट जिंकल्याच्या आनंदाची फी द्यावी लागायची. पण निवाडा मोडायची सोय मात्र फार थोडी होती, कारण मोडणाऱ्याच्या मागे त्याचा जामीनदार, त्याचं गोत आणि गावचे बलुतेदार उभे. बोळाला कुलूप लावणाऱ्या दादाला तेव्हा आधी स्वतःच्या सासऱ्याला तोंड द्यावं लागलं असतं.

१८१८ नंतर माल्कमने आमच्या डोंगराळ भागात जी व्यवस्था लावली, तिच्यातही हेच तत्त्व दिसतं. धारजवळच्या तिरल्याच्या भुमियाकडे धार ते सुलतानपूर वाटेवरच्या लुटीची जबाबदारी होती. ज्याच्या हद्दीत करार मोडला जाईल, उत्तर त्याने द्यायचं.

इंग्रजी कायद्याने खर्चाचा विचार बदलला. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ३५ म्हणतं, खर्च साधारणपणे हरणाऱ्यावर पडावा, आणि तो द्यायचा नसेल तर न्यायाधीशांनी कारण लिहावं. तत्त्व उत्तम. पण प्रत्यक्ष मंजूर होणारी रक्कम नियमांतल्या जुन्या दरांनी ठरते. खोट्या किंवा त्रास देण्यासाठी केलेल्या दाव्याबद्दल कलम ३५ अ खाली भरपाई मिळते, तिची मर्यादा ३,००० रुपये. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेलम बार असोसिएशनच्या प्रकरणात सांगितलं, की खर्च प्रत्यक्ष झालेला आणि वाजवी असा द्यावा. २०११ मध्ये संजीवकुमार जैन प्रकरणात त्याच न्यायालयाने ही ३,००० ची मर्यादा फार तोकडी असल्याचं म्हटलं. २०१५ च्या कायद्याने व्यापारी दाव्यांपुरतं कलम ३५ नव्याने लिहिलं. त्यात तडजोडीचा वाजवी प्रस्ताव कोणी विनाकारण नाकारला का, हेही खर्च ठरवताना पाहतात. पण आजोबांचं घर आणि विहिरीचा बोळ हा व्यापारी वाद नाही.

शिवाय माझ्या कागदावर ती ओळ होतीच: खर्च ज्याचा त्याने सोसावा. राजीनाम्यावर हुकूमनामा झाला की तो हुकूमनामाच, त्याप्रमाणे बोळ उघडून मिळेल. पण सोडून दिलेला जुना खर्च दादाने शब्द मोडला म्हणून आपोआप जिवंत होत नाही. वकील म्हणाले, ओळ वेगळी लिहायला हवी होती: आज खर्चाची मागणी सोडतो ती अमुक तारखेपर्यंत ताबा मिळाला तर, नाही मिळाला तर पूर्ण खर्च देय. अशी सवलत अटीवर दिलेली असेल तर अट मोडल्यावर ती काढून घेणं हा दंड ठरत नाही, असं न्यायालयं मानत आली आहेत. नुसता मोठा दंड लिहिला असता, तर करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे कोर्टाने तो वाजवी भरपाईपर्यंत खाली आणला असता. हे दोन वाक्यांतलं अंतर मला कळायला आठ वर्षं आणि १,३८,००० रुपये लागले.

इजरा चालू असतानाच गेल्या पावसाळ्यात दादा आजारी पडला. भेटायला गेलो. वहिनीने चहा दिला, विहिरीच्या पाण्याचा. दादा म्हणाला, "कर बाबा तुला काय लिहायचंय ते." मी लिहिलं. बोळ पंधरा दिवसांत. माझ्या खर्चापैकी चाळीस हजार, तीन हप्त्यांत. एक हप्ता चुकला तर पूर्ण १,३८,००० देय. तीन हप्ते मी कुठून घेतले हे वकिलांना सांगितलं नाही. दादाने सही केली, मी केली. मग मी म्हटलं, "दादा, तिसरी सही जावईबापूंची लागेल." तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग हाक मारून जावयाला आत बोलावलं.

बोळ उघडला आहे. पहिला हप्ता दसऱ्याला आला, जावईच घेऊन आला. दुसरा संक्रांतीला आहे.